परतीची वेळ



दिवाळी आटोपून, नव्या वह्यांचे पूजन होऊन आठवडा झाला असेल. इतवारीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, सवड काढून येऊन जा. मुलाने एक कागद आणला आहे. तो वाच आणि त्याला जरा समजाव." तिचा आवाज धास्तावलेला होता. मी त्याच दिवशी दुपारी गेलो.

तिच्या सासरी तीन पिढ्यांपासून डाळीचा ठोक व्यापार आहे. सकाळी कळमना बाजारातली खरेदी, दुपारी गादीवर हिशेब आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांचे एकत्र जेवण, असा त्या घराचा क्रम. माझा भाचा एकोणतीस वर्षांचा. धंद्यात हुशार, स्वभावाने शांत, दोन वर्षांच्या मुलीचा बाप. कॉलेजात असताना रामटेकच्या टेकडीवर आणि चिखलदऱ्याच्या दऱ्याखोऱ्यांत भटकण्याचा नाद त्याला लागला. पुढे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून त्याने प्राथमिक आणि प्रगत असे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण केले. लडाखमधले सहा हजार मीटरांहून उंच असे एक शिखरही तो चढून आला. घरच्यांनी हे सारे कौतुकाने पाहिले. या वेळचा कागद मात्र काठमांडूच्या एका कंपनीचा होता. येत्या उन्हाळ्यात एव्हरेस्ट चढण्याच्या मोहिमेत त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती आणि महिनाअखेर बयाणा भरायचा होता.

बहिणीच्या मनातला 'समजाव' याचा अर्थ 'थांबव' असा होता. मी तिला म्हणालो, न वाचता सही करू नये हे आपल्या वडिलांनी शिकवले. तसा न वाचता नकारही देऊ नये. आधी कागद वाचू.

त्या कागदाच्या निमित्ताने त्या घरात पुढे तीन आठवडे जे बोलणे झाले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या होणार आहे, म्हणून या स्तंभात मांडतो आहे. घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे.

पूर्वी हिमालयातील मोठी मोहीम म्हणजे एखाद्या देशाचे किंवा संस्थेचे काम असे. १९६५ साली कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली भारताचे नऊ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले, ती मोहीम राष्ट्राची होती. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९९८ साली हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने शिखरावर गेले. १९ मे २०१२ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत वर पोहोचले. अशा मोहिमांत माणसे वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर सह्याद्रीत चढलेली असतात. कोणाचा दम कुठे संपतो, कोण कोणत्या वेळी हट्टाला पेटतो, हे नेत्याला ठाऊक असते.

आज बहुतेक लोक जातात ती मोहीम निराळी असते. कंपनी परवाना काढते, तंबू उभारते, स्वयंपाकी ठेवते, प्राणवायूची नळकांडी वर पोहोचवते, प्रत्येक गिर्यारोहकाबरोबर एक शेर्पा देते. आणि आपण त्या मोहिमेतली एक जागा पैसे देऊन घेतो. शेजारच्या तंबूतला माणूस कोणत्या देशाचा, त्याची तयारी किती, हे तिथे गेल्यावर कळते. ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणणार नाही. हाताशी संस्था नसलेल्या, पण खरी तयारी असलेल्या माणसाला तिनेच हिमालय खुला केला. मात्र आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे घेणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे.

आपले नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून हा आकडा जाहीर केला. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. माणसाला नागपुरातून उचलून तिथे नेऊन ठेवले तर तो काही मिनिटांत बेशुद्ध होईल. म्हणून शरीराला हळूहळू सवय लावावी लागते. लुकला या गावापासून चालत सुमारे ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला जायला आठ-दहा दिवस लागतात. तिथून खुंबू हिमप्रपात ओलांडून वरच्या तळांपर्यंत जायचे, एक-दोन रात्री काढायच्या आणि पुन्हा खाली यायचे. अशा फेऱ्या झाल्या की मे महिन्यात वारा मंदावण्याची वाट पाहत बसायचे. तो मोजक्या दिवसांचा अवधी मिळाला की सुमारे ७,९०० मीटरवरच्या साउथ कोलपर्यंत चढून तिथून रात्री निघायचे आणि सकाळी शिखर गाठायचे. एकूण दोन महिन्यांचे काम. त्यातले शिखरावरचे क्षण दहा-पंधरा मिनिटांचे.

हे सारे भाच्याने एका संध्याकाळी घरच्यांना समजावून सांगितले. जेवण आटोपले होते. मग प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न त्याच्या आजीचा. कंपनीच्या यादीत एक संपूर्ण अंग झाकणारा पोशाख होता. तिने विचारले, "एवढी ऊब देणाऱ्या या कपड्यात काय भरलेले असते?" भाचा क्षणभर थांबला आणि खरे बोलला. बदक आणि हंस पक्ष्यांची मऊ पिसे असतात. आठ हजार मीटरवरच्या थंडीसाठी बहुतेक सर्व पोशाख तसेच बनतात.

घरात कोणी काही बोलले नाही. मग त्यानेच एक उदाहरण सांगितले, ते मला महत्त्वाचे वाटते. मुंबईचे गिर्यारोहक कुंतल जोइशर दूध-तुपासह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करतात. २०१४ साली ते एव्हरेस्टसाठी गेले, तेव्हा हिमप्रपातातील दुर्घटनेमुळे तो हंगामच बंद पडला. २०१५ साली पुन्हा गेले, तर २५ एप्रिलच्या भूकंपाने सगळ्याच मोहिमा थांबवल्या. तिसऱ्या खेपेस, मे २०१६ मध्ये, ते शिखरावर पोहोचले. आहाराचे व्रत त्यांनी पाळले होते, पण अंगावरचा पोशाख पिसांचाच होता. ते शल्य त्यांनी तसेच सोडून दिले नाही. २०१८ साली एका इटालियन कंपनीने बनवलेला, पिसे नसलेला पोशाख घालून ते ८,५१६ मीटर उंचीचे ल्होत्से शिखर चढले आणि २०१९ साली तशाच पोशाखात तिबेटच्या बाजूने पुन्हा एव्हरेस्टवर गेले. 'त्या उंचीवर दुसरा इलाजच नाही' असे जे सगळे म्हणत, ते एका माणसाच्या चिकाटीने खोटे ठरले. त्यासाठी त्याला काही वर्षे थांबावे लागले, एवढेच.

आजी म्हणाली, "मग तूही थांबू शकतोस."

आहाराचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. खुंबूच्या परिसरात बटाटा हे मुख्य अन्न आणि लसणाचे गरम सूप हा विरळ हवेवरचा घरगुती उपाय समजला जातो. कंदमुळे न खाणाऱ्याला या दोन्ही गोष्टी वर्ज्य. पण आधी कळवले तर बेस कॅम्पचे स्वयंपाकी डाळ-भात, पोळी आणि बिनकांद्याची भाजी वेगळी करून देतात. बाकीची सोय घरून नेता येते: खाकरे, मुगाच्या डाळीचे कोरडे पदार्थ, सुका मेवा, चिक्की. पाणी तर तिथे बर्फ वितळवून उकळूनच मिळते. अडचण आहे ती रात्रीची. शिखराची चढाई रात्रभर चालते आणि तिच्यात थोड्या थोड्या वेळाने पाणी आणि काहीतरी पोटात गेले नाही तर माणूस कोसळतो. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम तिथे पाळणे म्हणजे जिवाशी खेळ. भाचा म्हणाला, "आजी, संकटात नियमाला सवलत असतेच ना?"

आजीचे उत्तर मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले. "असते. पण संकट आपणच पैसे देऊन विकत घ्यायचे आणि मग सवलत मागायची, हे मला पटत नाही. तुला घ्यायची असेल तर घे. मात्र घरी आल्यावर घेतली नाही असे सांगू नकोस."

दुसरा प्रश्न माझ्या मेहुण्यांचा, आणि तो अर्थातच हिशेबाचा. नेपाळ सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून एव्हरेस्टचे नुसते परवाना शुल्क वसंत ऋतूसाठी ११,००० वरून १५,००० अमेरिकी डॉलर केले आहे, म्हणजे २०२५ च्या अखेरच्या भावाने तेरा लाखांच्या आसपास. कंपनीचा एकूण आकार त्याच्या तिपटीच्या घरात होता. शिवाय कपडे-बूट, हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा विमा, जास्तीचा प्राणवायू आणि शिखर झाल्यास शेर्पाला द्यायची बक्षिसी, हे सारे वेगळे. पाश्चात्त्य मार्गदर्शक असलेल्या कंपन्या तर याहूनही अधिक घेतात.

मेहुण्यांनी चष्मा लावून अटी वाचल्या. आजारी पडलात तर पैसे परत नाहीत. हवामान बिघडले तर नाहीत. सरकारने किंवा निसर्गाने मोहीम बंद केली तरी नाहीत. शिखराची हमी कुठेही नाही. मोहिमेच्या नेत्याचा निर्णय अंतिम. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे हा सौदा मालाचा नाही, मजुरीचा आहे. आपण शिखर घेत नाही, दुसऱ्याची मेहनत घेतो. मग ती मेहनत करणारा कोण, हे कळले पाहिजे."

हा प्रश्न मी आजवर कुठल्याही गिर्यारोहकाच्या घरच्यांना विचारताना ऐकला नव्हता. दर हंगामाच्या सुरुवातीला काही शेर्पा हिमप्रपातातील भेगांवर शिड्या आणि दोर बांधून वाट तयार करतात. बाकीचे शेर्पा तंबू, अन्न, इंधन आणि प्राणवायू पाठीवर घेऊन त्याच वाटेने पुन्हा पुन्हा वर-खाली करतात. पैसे देऊन आलेला गिर्यारोहक त्या धोक्याच्या जागेतून मोजक्या वेळा जातो. त्याचे सामान नेणारा त्याहून कितीतरी अधिक वेळा. १८ एप्रिल २०१४ च्या पहाटे त्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक जण वरच्या तळांकडे सामान नेत होते. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून जाहीर केलेली रक्कम होती चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पांनी त्या हंगामात पुढे चढण्यास नकार दिला. त्यांचा राग समजण्यासारखा होता.

हे ऐकून आजीला सम्मेदशिखरजीची आठवण झाली. मागच्या यात्रेत तिचे गुडघे चालेनात, म्हणून तिला डोलीत बसावे लागले. सत्तावीस किलोमीटरची ती वाट: नऊ चढायची, नऊ टोंकांच्या वंदनेची, नऊ उतरायची. अनवाणी पायांनी, पहाटेच्या अंधारात. "डोलीवाल्यांच्या खांद्यावरचे वळ मी पाहिले," ती म्हणाली. "वंदना माझी झाली, पण चालले ते. त्या दिवसापासून मी माझी यात्रा झाली असे म्हणत नाही. त्यांनी मला यात्रा घडवली असे म्हणते."

मग मेहुण्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला चार प्रश्न लिहिले आणि मुलाला ते कंपनीला पाठवायला सांगितले. तुमच्या शेर्पांचा विमा किती रकमेचा आहे? पगार शिखर झाले तरच पुरा मिळतो की न झाले तरीही? एका शेर्पाच्या पाठीवर किती वजन देता? शेर्पाने 'आता मागे फिरू' म्हटले आणि पैसे भरणाऱ्याने 'नको' म्हटले, तर कोणाचे ऐकले जाते? कंपनीकडून पहिल्या तिन्हींची उत्तरे नीट आली. चौथ्याचे आले ते असे: शेर्पा सल्ला देतो, निर्णय गिर्यारोहकाशी बोलून घेतला जातो.

त्या चौथ्या उत्तरावर सारे अडले.

तिसऱ्या आठवड्यात एके रात्री भाच्याची पत्नी बोलली. तोवर ती प्रत्येक बैठकीत मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने एकच गोष्ट विचारली. "शिखर शंभर मीटरवर दिसते आहे, आभाळ स्वच्छ आहे, आणि घड्याळातली परतीची वेळ टळून गेली आहे. त्या वेळी तुम्हाला कोण थांबवणार?"

वाचकहो, उंच पर्वतावरच्या पुष्कळ दुर्घटनांचे मूळ या एका प्रश्नात आहे. म्हणून इतिहासातल्या काही घटना इथे सांगायला हव्यात.

मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर पैसे देऊन आलेल्या गिर्यारोहकांच्या दोन मोहिमा एकाच दिवशी शिखराकडे निघाल्या. वाटेत गर्दी झाली, उशीर झाला. परतीची ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही काही जण चढत राहिले आणि त्यांचे अनुभवी नेतेही त्यांना मागे फिरवू शकले नाहीत. उतरताना वादळाने गाठले. दोन्ही बाजूंचे मिळून आठ जण गेले. त्यांत दोन्ही मोहिमांचे नेते होते आणि तिबेटच्या बाजूने चढलेले आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवानही होते. मे २०१९ मध्ये नेपाळने ३८१ परवाने दिले होते. चांगल्या हवेचे दिवस थोडे मिळाले आणि शिखराखालच्या अरुंद धारेवर माणसांची रांग लागली. त्या हंगामात आपल्या महाराष्ट्रातले दोन जीव गेले. एक मुंबईकडील गिर्यारोहक महिला, पतीसह चढलेल्या; दुसरा सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा सत्तावीस वर्षांचा तरुण. दोघेही शिखरावर पोहोचले होते. दोघेही उतरताना गेले.

आता याची दुसरी बाजू पाहा. १९६० साली ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या भारतीय मोहिमेचे तीन गिर्यारोहक शिखरापासून सुमारे दोनशे मीटरवर पोहोचले होते. वाऱ्याने आणि हिमवर्षावाने वाट अडवली. ते मागे फिरले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेतील तिघे तर आणखी वर, शिखराखाली सुमारे एकशे वीस मीटरपर्यंत गेले आणि तिथून परतले. सोनम ग्यात्सो हे गृहस्थ या दोन्ही वेळी त्या तिघांत होते. दोनदा इतक्या जवळून परत येणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. २२ मे १९६५ रोजी तेच सोनम ग्यात्सो एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. १९६० साली परतलेले नवांग गोम्बू त्यांच्या दोन दिवस आधी पोहोचले होते, आणि १९६२ साली परतलेले कोहली १९६५ च्या मोहिमेचे नेते होते. मागे फिरण्याचा निर्णय घेता आला, म्हणून हे लोक पुन्हा जायला उरले.

आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण द्यायचे तर २०१८ सालच्या 'मिशन शौर्य'चे. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींना दीर्घ प्रशिक्षण देऊन राज्य सरकारने एव्हरेस्टवर पाठवले. दहा जण गेले, पाच शिखरावर पोहोचले. वर्तमानपत्रांत त्या पाचांची छायाचित्रे आली, आणि ती यायलाच हवी होती. पण जे पाच शिखराविना घरी परतले, त्यांच्या आईवडिलांच्या दारातला आनंद काही कमी मोलाचा नव्हता. गावोगावी सत्कार करताना आपण समाज म्हणून हे विसरतो. शिखर झाले तर हार, न झाले तर 'अरेरे', हे आपलेच बोल तरुणाला त्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये पुढे ढकलतात.

भाच्याने पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री दिले नाही. दुसऱ्या दिवशी दिले नाही. तिसऱ्या दिवशी गादी बंद झाल्यावर तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मामा, लडाखमध्ये एक गोष्ट घडली होती. मी ती कोणालाच सांगितलेली नाही."

त्या शिखरावर मार्गदर्शकाने सकाळी दहा ही परतीची वेळ ठरवून दिली होती. दहा वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता. मार्गदर्शक म्हणाला, फिरू या. हा म्हणाला, अर्धा तास द्या. त्याने पैसे भरले होते, कार्यालयातून रजा काढल्यासारखी धंद्यातून पंधरा दिवसांची सुटी मागितली होती, आणि निघताना समाजाच्या कार्यक्रमात त्याला श्रीफळ दिले गेले होते. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. उतरताना ऊन चढून बर्फ भुसभुशीत झाले होते. एका उतारावर त्याचा पाय घसरला आणि मार्गदर्शकाने दोर धरून ठेवला म्हणून तो थांबला. त्या ओढीत मार्गदर्शकाचा खांदा दुखावला. दोघेही तळावर सुखरूप आले. घरी आल्यावर त्याने शिखरावरचे छायाचित्र दाखवले. खांद्याची गोष्ट सांगितली नाही.

"ती विचारते, मला कोण थांबवणार," तो म्हणाला. "मामा, मागच्या वेळी थांबवणारा होता. मीच थांबलो नाही."

मी त्याला एवढेच म्हणालो की हे मला सांगून उपयोग नाही, घरी सांग.

त्याने सांगितले. आजीसमोर, आईवडिलांसमोर, पत्नीसमोर. बहीण रडली. मेहुणे उठून बाहेरच्या ओसरीवर गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आजीने विचारले, त्या मार्गदर्शकाचा खांदा आता कसा आहे? भाच्याला ते माहीत नव्हते. "आधी ते विचार," ती म्हणाली. त्याने तिथेच फोन लावला. खांदा बरा झाला होता, पण त्या उन्हाळ्यात दीड महिना त्या माणसाला काम करता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी त्या दीड महिन्याची मजुरी पाठवून दिली आणि मुलाच्या खात्यावर नावे टाकली.

आपल्याकडे रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करण्याची रीत आहे. शब्दाचा अर्थच मागे फिरणे, जिथे चुकलो तिथून परत येणे. आपण तो पाठ लहानपणापासून ऐकतो, तरी मागे फिरणे म्हणजे हार, ही बाहेरच्या जगाची समजूत आपल्या घरांतही शिरली आहे. बाजारातही हेच होते. भाव पडत असताना तोट्यात सौदा कापून बाहेर पडणारा व्यापारी टिकतो. 'आता इतके घातलेच आहे' म्हणून घालत राहणारा बुडतो. धंद्यात हे आपल्याला कळते. मुलाच्या पर्वताच्या बाबतीतही तेच लागू आहे, हे त्या घराला तीन आठवड्यांत कळले.

त्या मोहिमेचा बयाणा भरला गेला नाही. ते भाच्याने स्वतः ठरवले; घरच्यांनी मनाई केली म्हणून नव्हे, हे मी मुद्दाम नोंदवतो. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये तो लडाखच्या बाजूने नुन हे ७,१३५ मीटर उंचीचे शिखर चढायला जाणार आहे. पिसे नसलेले कपडे मिळवण्याची खटपट चालू आहे. ते जड आणि महाग पडतात, पण सात हजार मीटरसाठी ते पुरतात की नाही याची परीक्षा तिथेच होईल. तोच मार्गदर्शक बरोबर येणार आहे, आणि या वेळी त्याचा शब्द अंतिम राहील असे लेखी ठरले आहे. पगारही शिखर झाले नाही तरी पुरा. परतीची वेळ निघण्यापूर्वी मार्गदर्शक सांगेल आणि ती घरी पत्नीला कळवली जाईल. एव्हरेस्टचे काय, हा प्रश्न त्याने परत येईपर्यंत बंद ठेवला आहे. आजीने परवानगी दिली. बहिणीने अजून पुरती दिलेली नाही, पण तिने खाकऱ्यांची यादी करायला घेतली आहे.

आपल्या घरी असा कागद आला तर घाईने फाडू नका आणि अभिमानाने सहीही करू नका. बसून वाचा. मुलाची तयारी किती उंचीपर्यंतची आहे ते विचारा. त्याचे ओझे कोण वाहणार आणि त्या माणसाच्या घरी कोण आहे ते विचारा. आपल्या व्रतांपैकी कोणते तिथे मोडावे लागेल, हे त्याच्याच तोंडून ऐका. आणि मागच्या वेळी तो कधी मागे फिरला होता का, हे जरूर विचारा.

भाचा ऑगस्टअखेर परत येईल, तेव्हा समाजातील पुष्कळ मंडळी त्याला भेटतील. माझी त्यांना आधीच एक विनंती आहे. शिखर झाले का, असे त्याला पहिल्याच भेटीत विचारू नका. बरोबर गेलेली सगळी माणसे धडधाकट खाली आली ना, एवढेच विचारा. शिखरजीवरून मधुबनात उतरून आलेल्या यात्रेकरूलाही आपण आधी पाय दुखतात का हेच विचारतो.